कंडम कोण करतं?

"मॅडम, तेवढी इमारत कंडम करून टाका की."

सबंध नोकरीत हे वाक्य मी चहाच्या कपासोबत ऐकलं. म्हणणारा कधी सरपंच असायचा, कधी संस्थाचालक, कधी भाऊबंदकीत अडकलेला एखादा मालक. सूर मात्र सगळ्यांचा एकच. पानवाल्याला "जरा चुना जास्त लाव" म्हणावं तितका सहज. सरकारी बांधकाम खात्यात मी कनिष्ठ अभियंता म्हणून लागले आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. सांगली आणि सातारा या दोनच जिल्ह्यांत सगळी वर्षं गेली. रस्ते केले, मोऱ्या केल्या, दवाखाने बांधले, पण नावाला चिकटलं ते एकच काम. उभी असलेली इमारत तपासायची आणि सांगायचं, हिच्यात माणसांनी राहावं की राहू नये. 'कंडमवाल्या बाई' असं माझं नावच पडलं होतं. आमचा शिपाईसुद्धा फोनवर सांगायचा, "व्हय, कंडमवाल्या बाई हायत जाग्यावर. या."

मी माधवनगरची. अब्बा यंत्रमागावर कामाला, शाळा मराठी, घरात इंग्रजी शब्द यायचा तो फक्त औषधाच्या बाटलीवरून. नोकरीच्या सुरुवातीला साहेब म्हणाले, "ती खोली कंडेम करायची आहे, जाऊन या." मी "हो सर" म्हटलं आणि घरी येऊन आधी शब्दकोश उघडला. त्यात पहिला अर्थ होता, एखादी गोष्ट अत्यंत वाईट आहे असं ठामपणे, चारचौघांत सांगणं. धिक्कारणं. दुसरा अर्थ, गुन्हेगाराला शिक्षा सुनावणं. तीही साधी नव्हे, फाशीसारखी. आणि तिसरा, इमारत वापरायला नालायक ठरवणं. म्हणजे पुढाऱ्यानं केलेला निषेध, न्यायाधीशानं दिलेली शिक्षा आणि माझ्यासारखीनं भिंतीवर मारायचा शेरा, तिन्हींना एकच शब्द. मला धडकीच भरली. एवढा जड शब्द आपल्या हातात दिलाय, हे साहेबांनी सांगितलंच नव्हतं.

सरकारी मराठीत याला 'निर्लेखन' म्हणतात. हा शब्द कागदाबाहेर मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. लोकांनी इंग्रजी शब्दच घेतला आणि त्याची काना-मात्रा झटकून टाकली. कंडम. मोटरसायकल कंडम, विहिरीवरची मोटर कंडम, म्हातारपणी गुडघे कंडम. विट्याच्या बाजारात एका बाईनं आपला जावई कंडम निघाल्याचं मला अगदी सविस्तर सांगितलं होतं.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मीही हसले आहे. पण एक गोष्ट मला हळूहळू खुपायला लागली. इंग्रजीत हा शब्द क्रियापद आहे. कुणीतरी कुणालातरी कंडेम करतं, आणि करणाऱ्याचं नाव वाक्यात असतं. आपल्याकडे मात्र वस्तू आपोआप कंडम 'होते'. पाऊस पडतो, ऊन पडतं, तशी इमारत कंडम होते. केलं कुणी? कुणीच नाही. ठेकेदारानं वाळूत माती घातली नाही, साहेबानं डोळे झाकून सही केली नाही, पुढाऱ्यानं मधे तोंड घातलं नाही. झालं बिचारं कंडम.

बाहेरच्यांना वाटतं, आम्ही येतो, मान वर करून छताकडे बघतो आणि शेरा मारतो. तसं नसतं. आधी इमारतीभोवती फेरी मारायची, पाणी कुठं मुरतंय ते बघायचं. ओळंबा सोडून भिंत कलली का ते तपासायचं. मग हातोडी. स्लॅबच्या पोटाला आणि खांबाला हलकेच ठोकत जायचं. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं. आत पोकळी असेल, गज गंजून फुगला असेल, तर आवाज बद्द येतो. तडा दिसला की त्यावर आडवी काचेची बारीक पट्टी सिमेंटनं चिकटवायची आणि तारीख टाकून निघून जायचं. काही आठवड्यांनी परत यायचं. काच शाबूत असेल तर तडा जुना आहे, झोपलेला आहे. काच तडकली असेल तर तडा जिवंत आहे, भिंत अजून सरकतेय. शिडीवर बाई चढतेय म्हटल्यावर खाली गर्दी जमायची ती वेगळीच. "पडतील वो बाई," असं म्हणणारे पुष्कळ, शिडी धरणारा एखादाच.

गिऱ्हाइकंही एकेक नग. इस्लामपूरकडच्या दोघा सख्ख्या भावांनी मला एकदा बोलावलं. त्यांच्या घराच्या मधोमध एक भिंत होती. थोरला मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, भिंतीची त्याच्याकडची बाजू कंडम करा, आमच्याकडची चांगली हाय." अर्ध्या तासानं धाकट्यानं बाजूला घेतलं आणि तेच सांगितलं. मी म्हटलं, "भिंत एकच आहे." दोघंही माझ्यावरच रुसले.

पण आज लिहायला बसले आहे ते दुसऱ्या एका गोष्टीसाठी. गावाचं नाव लिहीत नाही. कृष्णाकाठचं गाव आहे आणि त्यातली माणसं अजून तिथंच नांदताहेत.

महापूर ओसरल्यावर आम्हाला गावोगावच्या शाळा तपासायला पाठवलं होतं. या गावात शाळेच्या दोन इमारती. एक जुनी, काळ्या दगडाची, कौलारू, अगदी हमरस्त्याला लागून. दुसरी तिच्या मागं, स्लॅबची, गुलाबी रंगाची, अजून नवीच म्हणायची. पुराचं पाणी दोन्हींच्या खिडक्यांपर्यंत चढलं होतं. गावचे पुढारी नाना माझी वाटच बघत होते. नाना म्हणजे सरपंच नव्हे, पण सरपंच उठायचा-बसायचा तो नानांना विचारून. शाळा समितीचे अध्यक्षही तेच. पांढरी विजार, पायात कोल्हापुरी, बोलणं लोण्यासारखं.

"या बाई. ही रस्त्याकडची जुनी शाळा बघा. पुरानं पार खिळखिळी झालीया. हिला कंडम करा. पोरांना मागच्या नव्या इमारतीत बसवतो आन हितं गावासाठी दुकानगाळं काढतो. लय दिवसाचं गावाचं सपान हाय."

मी दोन्ही इमारती बघितल्या. जुनीच्या फरश्या उखडल्या होत्या, कौलं फुटली होती, आत चिखल होता. पण भिंती ओळंब्यात होत्या, सागवानी तुळया सुक्या होत्या, पाया जागचा हलला नव्हता. धुऊन, कौलं बदलून ती पुढची कित्येक वर्षं उभी राहिली असती. मग मागच्या इमारतीत गेले आणि पहिल्याच खोलीत हातोडी बद्द वाजली. दुसरीतही तेच. व्हरांड्याच्या स्लॅबचे गज उघडे पडून त्यांना खरजेसारख्या गंजाच्या खपल्या सुटल्या होत्या. खांबाला नखानं खरवडलं तर वाळू हातात आली. पुरानं हे केलं नव्हतं. पुरानं फक्त रंग धुऊन आतलं दाखवलं होतं.

शेवटच्या खोलीत शाळेचं स्वयंपाकघर होतं. अंजनाक्का नावाची बाई तिथं पोरांसाठी खिचडी शिजवायची. पन्नाशीची, काटक, डोक्यावर पदर खोचलेला, ढवळायचा उलथना हातात वल्ह्यासारखा धरलेला. मी वर बघत होते तेव्हा तिनं पातेल्यावर ताट झाकलं.

"ठोकू नगा हं बाई हितं," ती म्हणाली. "सकाळधरनं वरनं तुकडं पडाय लागल्यात. मी रोज झाकनच ठेवून शिजवती."

"नानांना सांगितलंत का?"

"सांगिटलं की. म्हनलं, नाना, वरनं पडतंय. तर म्हनलं, आक्का, तुजा हातच लय हालतोय, वाफ कमी काढ."

मी अहवाल लिहिला. जुनी इमारत दुरुस्त करून वापरावी. नवी इमारत धोकादायक आहे, ताबडतोब बंद करावी, निर्लेखित करावी. शेवटी इंग्रजीत तो शब्दही लिहिला, म्हणजे कुणाचा गैरसमज राहायला नको.

नाना कार्यालयात आले. आवाज अजून लोण्यासारखाच होता. "बाई, घाईत उलटंपालटं झालं वाटतं तुमचं. जुनी कंडम आन नवी चांगली, असं पायजे."

"उलटं नाही झालं, नाना. बघूनच लिहिलंय."

"आवं, नवी इमारत आमच्या भाच्यानं बांधलीया."

"ते मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "पण काँक्रीटला माहीत होतं बहुतेक."

हे बोलायला नको होतं असं तेव्हाच्या साहेबांचं मत पडलं. त्यांनी मला आत बोलावलं. "मॅडम, इतकी नवी इमारत कंडेम? बांधली आपल्याच देखरेखीखाली, पास आपणच केली. लोक काय म्हणतील? हा शब्द फार कडक आहे. सौम्य काहीतरी लिहा."

"सर, स्लॅब सौम्यपणे पडणार नाही."

त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. सरकारी खात्यात वाद घालत नाहीत, वाक्य बदलतात. वर गेलेल्या कागदात लिहिलं गेलं, 'इमारतीच्या काही भागांत किरकोळ दोष आढळतात. देखरेख ठेवावी.' देखरेख कुणी ठेवावी, ते नव्हतं. मी पुन्हा लिहून पाठवलं, यावेळी साहेबांच्याही वरच्यांना. त्याचं उत्तर म्हणून माझी बदली आली, सातारा जिल्ह्यात, पाटणच्या डोंगरात.

बदलीचं मला वाईट वाटलं नाही. संताप आला तो त्या 'किरकोळ' शब्दाचा. ज्यानं तो लिहिला त्यानं त्या खोलीत उभं राहून वर बघितलंच नव्हतं. इंग्रजीत धिक्काराच्या शब्दांचे जिने आहेत; वाईट, फार वाईट, लाजिरवाणं, अक्षम्य. आमच्या खात्यानं मराठीत उलटा जिना बांधला आहे. धोकादायक गोष्ट एकेक पायरी खाली उतरत किरकोळ होते आणि मग फायलीत झोपते.

निघण्याआधी मी त्या गावाला गेले. मुख्याध्यापक गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं की मुलांना नव्या इमारतीत एक दिवसही बसवू नका. गुरुजी भला माणूस. त्यांनी वर्ग पुन्हा जुन्या शाळेत आणले, कौलांवर ताडपत्री टाकली. अंजनाक्कालाही सांगितलं. तिनं शेगडी उचलून जुन्या शाळेच्या व्हरांड्यात मांडली. मी पाटणला गेले ते थोडीशी निश्चिंत होऊन.

पुढचं मला नंतर कळलं. व्हरांड्यातल्या शेगडीवरून नानांनी गुरुजींना धारेवर धरलं. रस्त्याकडेला पोरांचा स्वयंपाक, धूळ उडते, कुणाला विषबाधा झाली तर जबाबदार कोण? स्वयंपाकघर बांधलंय ते कशाला? शेगडी पुन्हा त्या शेवटच्या खोलीत गेली. विषबाधेची काळजी करणारा तोच माणूस, ज्याला छताची काळजी नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात ते झालं. चार-पाच दिवस झड लागली होती. दुपारची सुट्टी होणार, पोरं ताटं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात रांगेत उभी. अंजनाक्कानं मला नंतर सांगितलं, "वर चुलीतलं लाकूड तडकल्यागत आवाज आला बघा. पर चूल न्हवती, गॅस हुता." तिनं उलथना आपटून पोरांना हाकललं. "पळा, पळा, लिंबाखाली पळा!" पोरं पळाली. ती स्वतः दारापर्यंत आली आणि परत फिरली, कारण गॅस चालू होता. सिलिंडरवर काही पडलं तर सगळंच उडेल, असं तिच्या डोक्यात आलं. तिनं बटण बंद केलं आणि तेवढ्यात स्लॅबचा तुकडा उजव्या खांद्यावर आणि दंडावर आला.

एकाही पोराला खरचटलं नाही. खिचडीत काँक्रीट पडलं होतं.

मला ही बातमी पाटणला फोनवर दिसली. कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. शाळेसमोर मांडव, दंडावर काळ्या फिती, 'निषेध असो'च्या घोषणा आणि माइकसमोर नाना. "या दुर्दैवी घटनेचा मी तीव्र शब्दांत निषेध करतो. प्रशासनाच्या बेफिकिरीचा धिक्कार करतो. आय स्ट्राँगली कंडेम!" हे शेवटचं इंग्रजी बहुतेक टीव्हीवाल्यांसाठी होतं.

मी व्हिडिओ बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. ज्या शब्दासाठी मी ऊर फोडून भांडले, जो लिहिला म्हणून माझी उचलबांगडी झाली, तो शब्द हा माणूस हार घालावा तसा स्वतःच्या गळ्यात घालून मिरवत होता. इमारतीला लावायचा होता तेव्हा तो फार कडक होता. हवेत फेकायचा झाला तर कितीही फेका. हवा कुणाच्या भाच्यानं बांधलेली नसते.

रजा टाकून मी अंजनाक्काला भेटायला सांगलीच्या दवाखान्यात गेले. उजवा हात खांद्यापासून प्लॅस्टरमध्ये, चेहरा उतरलेला, पण मला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला. शेजारी तिचा नवरा बसला होता. फौजेतून पेन्शनवर आलेला हवालदार, ताठ बसणारा, बोलायला अगदी कमी.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं.

"हात ऱ्हाईल," हवालदार म्हणाले. "वर उचलायचा न्हाई."

अंजनाक्काचा डोळा लागल्यावर ते मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आले.

"मॅडम, एक सांगू? काल समितीनं दुसरी बाई लावली सैपाकाला. लावू द्या. पोरांनी उपाशी थोडंच ऱ्हायाचं. पर नाना चावडीवर काय म्हनला म्हाईताय? म्हनला, अंजनीचा हात कंडम झालाय, आता ती बाई काय कामाची न्हाई." त्यांचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. "फौजेत जुना बूट कंडम करायचा म्हनलं तरी बोर्ड बसतो मॅडम. तीन माणसं बूट हातात घेऊन उलटापालटा करून बघत्यात, मग सही हुती. माझ्या बायकूला ह्यानं एकट्यानं कंडम केली. बघायलासुदिक आला न्हाई."

मी अभियंता आहे, मला रडायची सवय नाही. पण त्या व्हरांड्यात मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

चौकशी लागली. जिल्ह्यावरून चौकशी अधिकारी आले, मला पाटणहून साक्षीला बोलावलं. बैठक जुन्या दगडी शाळेत, पोरांच्या बाकांवर. तोवर अंजनाक्का घरी आली होती. झोळीत हात अडकवून तीही आली, हवालदार सोबत. नवीन लागलेली बाई आधीच येऊन सगळ्यांच्या जेवणाला लागली होती. अधिकारी यायचे म्हणून नानांनी मटणाचा बेत सांगितला होता, गुरुजींनी तो साध्या वरणभातावर आणला होता.

सुरुवात माझ्यापासूनच झाली. अधिकाऱ्यांनी विचारलं, "धोका तुमच्या लक्षात आला होता, तर इमारत तुम्हीच का बंद केली नाही?"

हे मी ऐकून घेतलं, कारण नोकरी होती. आज लिहिताना मात्र सांगते, या प्रश्नाइतका निर्लज्ज प्रश्न मला कधी कुणी विचारला नाही. मी म्हटलं, "साहेब, कुलूप लावायचा अधिकार मला नाही. शब्द लिहायचा होता. तो मी दोनदा लिहिला. तो खोडला कुणी, हे विचारा."

अधिकाऱ्यांनी ते विचारलं नाही. ते नानांकडे वळले. नाना आता अगदी समजुतीनं बोलत होते. झालं ते वाईटच झालं. पण दोष फक्त त्या एका खोलीत होता, कोपऱ्यातल्या, वाफेनं झाला. बाकीची इमारत ठणठणीत आहे. एवढी मोठी इमारत एका खोलीपायी मोडीत काढणं म्हणजे गावाचं नुकसान. तेवढी एक खोली पाडू, बाकी वर्ग सुरू करू. अधिकारी मान डोलवत होते. त्यांच्या पेनाची दिशा मला दिसत होती. पुन्हा एकदा 'किरकोळ' येणार होतं.

तेवढ्यात अंजनाक्का उठली. ती बोलायला उठली असं सगळ्यांना वाटलं. गुरुजींनी तिला पुढं यायची खूणही केली. पण ती दारातून बाहेर गेली. नव्या बाईशी काहीतरी बोलली. दोघी मागच्या इमारतीकडे गेल्या. हवालदार उठून त्यांच्यामागं गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. हवालदारांनी मागच्या इमारतीची मधली मोठी खोली उघडली, पट्ट्या अंथरल्या. नव्या बाईनं ताटं मांडली. अंजनाक्का डाव्या हातानं एकेका ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवत होती.

मग ती परत येऊन दारात उभी राहिली.

"नाना, जेवान तयार हाय. पानं मांडल्यात. आवं सायब, चला तुमी बी."

"अगं हितं आण की," नाना म्हणाले.

"हितं कुठं? तिकडं मांडलंय, नव्या इमारतीत. कोपऱ्यातल्या खोलीत न्हाई, मधल्या. तुमी म्हनला न्हवं, ठणठणीत हाय."

बाहेर पाऊस नुकताच थांबला होता. अधिकाऱ्यांनी नानांकडे बघितलं. नानांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी माझ्याकडे बघत होते, आणि मी अंजनाक्काकडे.

"भात गार हुतोय," अंजनाक्का म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. पाहुण्याला जेवायला बोलवावं तशीच ती बोलावत होती. "पोरं बसनार हायत न्हवं उद्यापासनं तितं? मग आज आपन बसू. नाना, तुमी मधी बसा, मी तुमच्या शेजारी बसती."

नाना उठले. दारापर्यंत गेले. व्हरांड्याची पायरी चढले. तिथं ते थांबले आणि त्यांनी वर बघितलं. उघडे पडलेले गज त्यांना पहिल्यांदाच दिसले असतील असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याखाली स्वतःचं डोकं आलंय, हे पहिल्यांदाच होतं. त्यांनी पाय मागं घेतला.

"मला आज उपास हाय," ते म्हणाले.

सकाळी मटण सांगितलेल्या माणसाला उपास! नवी बाई तोंडाला पदर लावून हसली. हवालदार हसले नाहीत. ते खोलीत जाऊन सगळ्यात पहिल्या ताटावर ताठ बसले होते. मी धावत जाऊन त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. "तुम्ही कशाला मरताय?" मी ओरडलेच. मग चौकशी अधिकारी स्वतः म्हणाले, "नको, आपण बाहेरच घेऊ." सगळे लिंबाखाली उभ्यानं जेवले. वरण झकास झालं होतं.

जेवणानंतर अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "मॅडम, तो शब्द नेमका काय लिहिला होता तुम्ही?" मी सांगितला. त्यांनी तसाच लिहून घेतला.

इथं ही गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण मी इमारतींचं काम केलंय, वरून रंग लावायची मला चीड आहे. भाच्याचं नाव काळ्या यादीत गेलं आणि काही महिन्यांनी बायकोच्या नावानं पाटी लागली. वाक्य बदलणारे साहेब वेळच्या वेळी बढती घेऊन पुण्याला गेले. नाना अजून नाना आहेत. अंजनाक्काला शाळेनं पुन्हा ठेवून घेतलं, पण ते समितीच्या दयेनं नाही. नव्या बाईनंच सांगितलं, आक्का चव बघायला असली तरच मी हात लावीन. दोघी मिळून करतात आता. जड भांडं एकीकडे, जीभ दुसरीकडे. दुकानगाळे झाले नाहीत. दगडी शाळेवर नवी कौलं चढली.

मला लोक विचारतात, "एवढ्या वर्षांत तुम्ही किती इमारती कंडम केल्या?" हिशेब मी ठेवला नाही. ज्या करायला हव्या होत्या आणि करू दिल्या नाहीत, त्या मात्र गाडीतून जाताना अजून दिसतात. रंगवलेल्या असतात. आत पोरं पाढे म्हणत असतात. आता लिहायला माझ्याकडे शेरा नाही, सही नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ती नवी इमारत पाडायचा दिवस ठरला तेव्हा गुरुजींनी मला आवर्जून बोलावलं. अख्खा गाव जमला होता. नाना पुढं होते, नारळ त्यांनीच फोडला. जेसीबीवाला विजापूरकडचा पोरगा होता. त्यानं लोखंडी हात खांबाला नुसता टेकवला आणि अख्खा व्हरांडा खाली बसला. तो घाबरून गाडीतून खाली उतरला. "मॅडम, मी जोर लावलाच नाही," तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, आपल्यावर काही येईल या भीतीनं.

धूळ खाली बसली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग बायकांनी, मग सगळ्या गावानं. नानाही वाजवत होते, अगदी डोक्यावर हात नेऊन. अंजनाक्का माझ्या शेजारी उभी होती. तिनं डावा हात वर उचलला, क्षणभर तसाच धरला, उजव्याकडे बघितलं आणि खाली घेतला.